बुडालं कोण?

ऑपेरा गायिका मारिया कॅलासवरचा सिनेमा येऊन गेला आणि दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये थंडीच्या उन्हाला बसणाऱ्या मंडळींच्या तोंडी तिचा प्रियकर ओनासिस आला. मंडळी बहुतेक निवृत्त केंद्र सरकारी नोकर. कोणी आयुष्यभर पेन्शनच्या फाइली हाताळलेल्या, कोणी दुसऱ्यांच्या बढत्यांच्या. शेंगा सोलता सोलता त्यांनी एका ग्रीक जहाजवाल्याच्या घरातली मयतं मोजली आणि एकमताने निकाल दिला. पैसा अफाट होता, पण घराण्याला शाप होता. घराणं बुडालं.

मोजणी चुकलेली नव्हती. मुलगा अलेक्झांडर २२ जानेवारी १९७३ला अथेन्सच्या विमानतळावर उड्डाण करताच विमानासकट कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. वय चोवीस. पुढच्या वर्षी त्याची आई टीना पॅरिसमध्ये गेली. त्याआधी, १९७० मध्ये, टीनाची बहीण युजेनिया गेली होती. ती दुसऱ्या जहाजवाल्याची, नियार्कोसची बायको. तिच्यामागे टीनाने त्याच मेहुण्याशी लग्न केलं होतं. मार्च १९७५ मध्ये खुद्द ओनासिस. १९८८ मध्ये मुलगी क्रिस्टिना, ब्युनोस आयर्समध्ये, सदतिसाव्या वर्षी. मागे राहिली ती तीन वर्षांची नात. पुढे ओनासिसने हौसेने घेतलेलं स्कॉर्पिऑस बेटही एका रशियन धनिकाच्या मुलीकडे गेलं.

एवढी मयतं झाल्यावर शाप हा शब्द सुचायला फार अक्कल लागत नाही. पण घराणं जहाजवाल्याचं. मग एक प्रश्न बागेत कोणीच कसा विचारला नाही, याचं नवल वाटतं. जहाजांचं काय झालं?

जहाजं चालू आहेत.

ओनासिसने मृत्युपत्र जानेवारी १९७४ मध्ये लिहिलं. मेक्सिकोहून न्यूयॉर्कला जाताना, विमानात, स्वतःच्या हाताने. मुलगा जाऊन वर्षही झालं नव्हतं. ज्याचा मुलगा विमानाने नेला, तो बाप विमानात बसून कागद काढतो आणि मुलाच्या नावाने एक संस्था उभी करायची, असं लिहून ठेवतो. मिळकतीचा मोठा हिस्सा त्या संस्थेला. संस्थेने धंदाही करायचा आणि त्यातून आलेल्या पैशावर लोकोपयोगी कामंही करायची. आज ती संस्था जहाजं चालवते. अथेन्समध्ये तिच्या पैशातून उभं राहिलेलं हृदयशस्त्रक्रियेचं मोठं इस्पितळ आहे. नात संस्थेची अध्यक्ष झाली नाही. त्यावरून बरीच वादावादी झाली. जहाजं तिच्यासाठी खोळंबली नाहीत.

हा माणूस सज्जन होता, असं कोणी म्हणणार नाही. अमेरिकी सरकारने त्याच्यावर खटला भरला होता आणि त्याचे करार वादग्रस्त असत. बायकांच्या बाबतीत तो कसा वागला, ते कॅलासच्या चरित्रकारांना विचारावं. पण धंद्यातली एक गोष्ट त्याला पक्की कळलेली होती. रक्ताचा वारस कधी जाईल, सांगता येत नाही. जहाजाला मात्र मालक लागतोच. म्हणून त्याने मालकच असा नेमला की ज्याला मरण नाही.

आता आपल्याकडचं पाहू.

वालचंद हिराचंद सोलापूरचे. जन्म १८८२. नरोत्तम मोरारजी मुंबईचे, पण सोलापूरची जुनी मिल त्यांच्या वडिलांची. एक रेल्वेचा कंत्राटदार, दुसरा गिरणीवाला. दोघांनाही समुद्राचं काही कळत नव्हतं. १९१९ मध्ये वालचंद दिल्लीहून मुंबईला परतत होते. गाडीत भेटलेल्या एका इंग्रजाकडून त्यांना कळलं, की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विकाऊ आहे. मुंबईला उतरून ते जहाजामागे लागले. जहाज घेतलं, कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ला ते जहाज मुंबईहून लंडनला निघालं. म्हणून ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन. १९६४ पासून तो पाळला जातो. त्या आठवड्यात दिल्लीत बड्या छात्यांवर व्यापारी नौदलाचा छोटा झेंडा टाचतात. फोटो निघतात.

हा दिवस ज्या जहाजाचा, त्या जहाजाचं नाव काय?

‘लॉयल्टी’. राजनिष्ठा.

इंग्रजी मक्तेदारीला पहिलं आव्हान म्हणून ज्याचे गोडवे गायले जातात, त्या जहाजाच्या कपाळावर राजनिष्ठा लिहिलेली होती. त्याआधीचं नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. म्हणजे राणी व्हिक्टोरिया. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी १८९१ मध्ये इंग्लंडात तयार झालेलं हे जहाज. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ते शिंद्यांनी घेतलं, जखमी हिंदी सैनिकांसाठी त्याचं इस्पितळ केलं आणि नाव बदलून लॉयल्टी ठेवलं. वालचंद-नरोत्तम यांनी ते घेतलं तेव्हा त्याचं वय अठ्ठावीस. जहाजाच्या हिशोबाने म्हातारपणच. नाव तेच राहिलं. कंपनीलाही आपलं नाव दिलं नाही. शिंद्यांचंच दिलं, तेही इंग्रजी वळणाचं. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. १९२३ मध्ये लॉयल्टी मुंबईत भंगारात निघालं.

जहाजाचं नाव उसनं, कंपनीचं नाव उसनं. त्या काळी त्यात शहाणपण असेलही. ब्रिटिश इंडिया आणि पी अँड ओ या कंपन्यांचा सर्वेसर्वा लॉर्ड इंचकेप समोर होता. दर पाडून नव्या कंपनीचा जीव घ्यायची कला त्याच्या कंपन्यांना अवगत होती. अशा वेळी संस्थानिकाच्या नावाचा आडोसा वाईट नाही. पुढे इंचकेपशी दहा वर्षांचा करार करावा लागला आणि सिंदियाला किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीपुरतं बांधून टाकण्यात आलं. पहिल्याच फेरीत लंडन गाठलेल्या कंपनीवर ही पाळी. वालचंदांना तो करार आयुष्यभर खुपला. पण कंपनी टिकली.

ही उसनी नावं शेवटपर्यंत उसनीच राहिली. दिल्लीत सिंदिया म्हटलं की माणसं ग्वाल्हेरकडे बघतात, समुद्राकडे नाही. कोणाला वाटतं राजघराण्याचा काही धंदा होता, कोणाला वाटतं मंत्र्यांच्या आजोबांची बोट कंपनी. वालचंदांचं नाव कुठे आहे? इंदापूर तालुक्यात, साखर कारखान्याच्या गावाला. सांगलीत, इंजिनिअरिंग कॉलेजला. सगळं जमिनीवर. विमानांचा कारखाना त्यांनी १९४० मध्ये बंगळुरात काढला, तो सरकारचा झाला. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली, तो १९५२ मध्ये मुख्यतः सरकारचा झाला आणि पुढे पुरता सरकारचा. तिथे बांधलेलं पहिलं जहाज ‘जलउषा’. १४ मार्च १९४८ला नेहरूंनी ते पाण्यात सोडलं. ‘जलजवाहर’ नावाचंही एक जहाज सिंदियाकडे होतं. विशाखापट्टणमला त्या भागाला आजही लोक सिंदिया म्हणतात. रिक्षावाला तिथे नेऊन सोडतो. ते नाव कशावरून पडलं, हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही.

आमच्या कॉलनीत हे दृश्य रोजचं. सरकारी क्वार्टरच्या दाराला पाटी असते. बदली झाली की जुना अलॉटी पाटी उतरवून नेतो. नवा येतो, आपली लावतो. जुनी भोकं पुट्टीने बुजवायला वेळ कोणाला असतो? माझ्या शेजारच्या दारावर पाटीभोवती अकरा भोकं मोजता येतात. चार-पाच कुटुंबं तिथे नांदून गेली. कोणाची मुलगी तिथून नवरी होऊन गेली, कोणाचे वडील तिथेच वारले. सी.पी.डब्ल्यू.डी.च्या रजिस्टरमध्ये क्वार्टर नंबर तेवढा कायम. बाकी सगळं ‘व्हेकेटेड’.

सिंदियाचं असंच झालं. ज्याची पाटी होती तो मालक नव्हता आणि जो मालक होता त्याची पाटी नव्हती. म्हणून कंपनी गेली तेव्हा कोणाचं काही गेलं, असं कोणालाच वाटलं नाही.

घरच्या दुःखांत आपली मंडळीही ग्रीकांच्या फार मागे नव्हती. नरोत्तम मोरारजी १९२९ मध्ये मोटार अपघातात गेले. कंपनीला तेव्हा दहा वर्षं झाली होती. वालचंदांच्या मागे कारभार बघायला मुलगा नव्हता. १९४९ मध्ये पक्षाघात झाला, १९५० मध्ये ते कारभारातून बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ला गुजरातेत सिद्धपूरला गेले. सागरी दिनानंतर तिसऱ्या दिवशी त्यांची पुण्यतिथी येते. तोवर झेंडे डब्यात परत गेलेले असतात.

दुसऱ्या महायुद्धात कंपनीची जहाजंही बुडाली. जानेवारी १९४२ अखेर जपानी पाणबुडीने दोन दिवसांत दोन घेतली, ‘जलतरंग’ आणि ‘जलपालक’. जहाजांबरोबर खलाशी गेले. शापाची भाषा करताना ही मयतं कोणी मोजत नाही. ती मालकाच्या घरातली नसतात.

नंतरची गादी सांभाळली ती नरोत्तमांच्या सुनेने. सुमती मोरारजी. जहाजमालकांच्या अखिल भारतीय संघटनेचं अध्यक्षपद १९५६ मध्ये एका बाईकडे आलं, तेव्हा जगात अशी दुसरी बाई शोधावी लागली असती. १९७१ मध्ये पद्मविभूषण. त्यांच्या कारकिर्दीतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६५ मध्ये एक वृद्ध साधू त्यांच्याकडे आला. म्हणाला, अमेरिकेला जायचं आहे, तिकिटाला पैसे नाहीत. वय झालंय, जाऊ नका, असं बाईंनी सांगून पाहिलं. तो ऐकेना. मग मालवाहू जहाजावर त्याला फुकट जागा दिली. ऑगस्टात कलकत्त्याहून जहाज निघालं, सप्टेंबरात अमेरिकेला लागलं. तो साधू म्हणजे इस्कॉनचे संस्थापक प्रभुपाद. जहाज ‘जलदूत’.

दिल्लीत ईस्ट ऑफ कैलासच्या इस्कॉन मंदिरात जुन्या भक्तांपैकी कोणालाही विचारा. जलदूत त्याला माहीत असतं. निघाल्याची तारीख माहीत असते, वाटेत स्वामींना हृदयविकाराचे झटके आले तेही माहीत असतं. जहाज कोणत्या कंपनीचं होतं, हे विचारलं की तो थांबतो. त्याचा दोष नाही. त्याने निदान एका फेरीची आठवण जपली. ज्यांचं कामच जपणं होतं, त्यांनी काय जपलं?

१९८० नंतर जगभर जहाजधंद्यात मंदी आली. भाडी पडली, जहाजं जास्त झाली. सिंदिया कर्जात गेली. १९८७ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. सुमतीबाई १९९८ मध्ये गेल्या. जहाजं एकेक करून निघून गेली. या देशाचा सागरी दिन जिच्या पहिल्या फेरीवरून ठरला, त्या कंपनीचं जहाज आज पाण्यावर नाही. तिची शेवटची फेरी केव्हा निघाली, याचा दिन कोणी पाळत नाही. तो पाळायचा तर कोणाच्या छातीवर काय टाचायचं, हाही प्रश्नच.

मंदी ग्रीकांनाही होती. ओनासिसच्या संस्थेच्या तेलवाहू जहाजांनाही त्या वर्षांत भाडं कमीच मिळत होतं. ती संस्था टिकली, कारण जहाज कधी विकायचं आणि कधी घ्यायचं एवढंच ठरवायला तिथे माणसं बसवलेली होती. आपल्याकडे हे ठरवायला फाइल फिरते. ती फाइल कशी फिरते, हे आर. के. पुरमच्या वेस्ट ब्लॉकमध्ये नोकरी केलेल्यांना सांगायची गरज नाही. जहाजाचं भाडं आठवड्याला बदलतं. फाइलवरचा शेरा आठवड्यात बदलत नाही.

दिल्लीची आणखी एक अडचण आहे. इथल्या जुन्या बाबूंना जहाजवाला म्हटलं की धर्मा तेजा आठवतो. जयंती शिपिंगवाला. सरकारी कर्जावर जहाजं उभी केली आणि मग परदेशी पळाला. त्याला धरून आणावं लागलं. त्यानंतर जहाजधंद्याचा कागद आला की दिल्लीची भुवई आधी वर जाते, डोळे मग वाचतात. एका तेजाचा संशय कितीजणांनी फेडायचा, याचा हिशोब कोणी केलेला नाही.

दुसरा एक हिशोब मात्र सरकारनेच केलेला आहे. १९८७-८८ मध्ये भारताच्या परदेशी व्यापारातला ४०.७ टक्के माल भारतीय जहाजांतून जात होता. २०१८-१९ मध्ये ७.८ टक्के. हे आकडे सरकारने स्वतः छापले, भारतीय जहाजांना अनुदान जाहीर करताना, २०२१ मध्ये. पहिल्या आकड्याचं वर्ष बघावं. सिंदिया सरकारकडे आली ते वर्ष आणि हे वर्ष जवळजवळ एकच. सिंदिया गेली म्हणून टक्का पडला, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. तिथून पुढे तो पडतच गेला आणि सागरी दिन एकदाही चुकला नाही, एवढं मात्र म्हणता येतं.

उरलेला माल परक्या जहाजांतून जातो. आपण भाडं डॉलरमध्ये भरतो. आज जगातल्या जहाजांची जी एकूण वहनक्षमता आहे, तिचा सुमारे सहावा हिस्सा ग्रीक मालकांच्या हातात आहे. देश केवढा? लोकसंख्या एक कोटीच्या आसपास. आपलं तेल, आपला कोळसा, आपलं धान्य त्यांच्या तळघरांतून येतं-जातं. बागेतल्या मंडळींच्या गॅसच्या सिलिंडरमागेही एखादा ग्रीक मालक निघायचा. त्याच्या घरी कोण कधी वारलं, हे आपल्याला तोंडपाठ.

वालचंदांच्या घराण्यातली माणसं आहेत. धंदे होते, काही आहेत. मोटारीचा कारखाना होता, त्याची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा लोक हळहळले आणि ते योग्यच. रावळगावच्या गोळ्या होत्या. त्यांचं नाव आणि कृती २०२४ मध्ये २७ कोटींना रिलायन्सच्या कंपनीने घेतली, तेव्हाही वर्तमानपत्रांनी गहिवरून लिहिलं. टॅक्सी आठवते, कारण तिच्यात आपण बसलो होतो. गोळी आठवते, कारण सेक्टरच्या बाजारातला किराणावाला सुट्ट्या रुपयाऐवजी पान पसंद हातावर ठेवायचा. जहाजात आपण बसलो नव्हतो. जहाज गेलं तेव्हा गहिवरायला कोणी नव्हतं.

ग्रीकांचं कुळ आटलं, जहाजं तरली. आपल्याकडे माणसं राहिली, कॉलेजं राहिली, गावाचं नाव राहिलं, तारीख राहिली. तेवढी जहाजं गेली. उन्हातल्या मंडळींनी शाप पहिल्या घराला दिला. दुसऱ्या घराची गोष्ट त्यांना सांगितली, तर त्यांनी विचारलं, “वालचंद म्हणजे ते सांगलीचे ना?”

सिंदियाचं मुख्य ऑफिस मुंबईत बॅलार्ड इस्टेटला होतं. सिंदिया हाउस. रस्त्याला नाव नरोत्तम मोरारजींचं आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. त्या इमारतीत आता प्राप्तिकर खात्याची कचेरी आहे. १ जून २०१८ला तिथे आग लागली. अग्निशमनचे बंब आले, कॅमेरे आले, दिवसभर बातम्या चालल्या. सगळ्या देशाला एकच घोर होता, की त्या वेळी गाजत असलेल्या बँक घोटाळ्याचे कागद जळले की काय. इमारतीचं नाव पडद्यावर शंभरदा येऊन गेलं. ते कशावरून पडलं, हे कोणी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. दिल्लीहून खुलासा मात्र लगेच आला. कागद सुरक्षित आहेत.